वीस किलोचं शिक्क्याचं वजन

मी जलमलो तवा माझ्या बापानं मला तोललं न्हाई, हे आधी लिवून घ्या ताई, पुढचं समदं त्याच्यावरच हाय. बाप माझा शेवगावच्या बाजारात मापाडी हुता. मापाडी म्हंजे, शेतकरी माल आनतो, व्यापारी घेतो, आन दोघांच्या मधी हुभा राहून जो तोलतो त्यो. बाजरी तोलायचा, तूर तोलायचा, कपाशी तोलायचा, दिसभर हातात तराजू, पन घरात आमी सहा लेकरं झालो त्यातलं एकबी त्यानं कवा पारड्यात घातलं न्हाई. आय म्हनायची, लेकरू तोलू न्हाई, आकडा तोंडातनं गेला की नजर लागती. बाप हासायचा, पन ऐकायचा.

आन मोजायची आमची एक रीत हाय ती बी लिवा. पोती मोजताना आमी पयल्याला एक म्हनत न्हाई, लाभ म्हनतो. लाभ, दोन, तीन, चार, आसं. बाप म्हनायचा, एक म्हनलं की सुरवातच एकटी हुती, लाभ म्हनलं की देनाऱ्याचंबी भलं आन घेनाऱ्याचंबी भलं. मी शाळंत सातवीपातुर गेलो तर गुरुजी म्हनले एक ते शंभर म्हन, मी हुभा राहिलो आन म्हनलो लाभ, दोन, तीन. गुरुजीनं छडी हानली. त्यांचं नाव मला आजून ध्यानात हाय, सांगत न्हाई, गेले बिचारे, पन ध्यानात हाय. मी विसरत न्हाई. आमची आय म्हनायची, ह्यानं डूख धरला की नागाच्या वरताण. मी ते खोटं म्हननार न्हाई, मापाडी हाय, खोटं बोलनं आमच्या धंद्यात बसत न्हाई.

बापाकडनं मला दोन गोष्टी आल्या, एक हात आन एक वीस किलोचं लोखंडी वजन. वजनाच्या बुडाला शिसं, शिशावर सरकारी शिक्का. काम सुटलं तरी मी ते नेऊन तपासून शिक्का मारून आनायचो, सून म्हनायची आबा कशाला, ठिवा की कोपऱ्यात, मी म्हनायचो ऱ्हाऊ दी. आन हात म्हनाल तर आसा, की पोतं नुसतं उचललं, जरा झुलवलं, की मी सांगनार, अठ्ठेचाळीस आन वर पाव. तराजूवर घाला, तेवढंच. नवीन व्यापारी पैजा लावायचे, हरायचे, च्या पाजायचे. चाळीस वर्सं मी च्या फुकटच प्यालो म्हना ना.

मग आकडं दाखवनारे काटे आले, लाल आकडंवाले, पोतं ठिवलं की आकडा. आमची गरज संपली. बाजारात आमा चौघा मापाड्यांचा सत्कार केला, शाल, नारळ, आन भाषनाला नानासाहेब. नानासाहेब कोन ते सांगतो. बाजाराच्या तोंडाशी जे पेंड-भुश्याचं मोठं दुकान हाय, ढोरांचं खाद्य, सरकी पेंड, मक्याचा भरडा, त्याचा मालक. शाळेच्या कमिटीचा अध्यक्षबी त्योच, गावात काय आसलं की हार त्याच्याच गळ्यात. तर हे नानासाहेब माईक धरून म्हनले, मंडळी, आता हाताचे दिवस गेले, मानूस खोटं बोलतो, काटा खोटं बोलत न्हाई. लोकं हासले. टाळ्या वाजल्या. मी शाल घेऊन खाली बसलेलो, माझ्या चाळीस वर्सांच्या हाताला त्यानं चारचौघांत खोटारडा म्हनलं. मी मनात म्हनलो, आसू दी. गाठ मारून ठिवली.

आता माझी नात. वैष्णवी. पोराची थोरली पोरगी, पाचवीत हुती तवाची ही गोष्ट. पोरगा साखर कारखान्यावर, हंगामात घरी कमीच, त्यामुळं पोरगी माझ्याच अंगाखांद्यावर. अंगानं भरलेली, गालाला खळ्या, आमच्या आयवर गेलेली. आन खरं सांगतो, लपवत न्हाई, तिला भरवली मीच. बाजारात गेलो की बेकरीतनं खारी, नानकटाई, क्रीमची बिस्किटं, वेफरचं पाकीट. सून म्हनायची आबा, पोरीला भाकरी ग्वाड लागंना झाली. मी म्हनायचो खाऊ दी की, खायचं वय हाय. आमाला कुठं मिळालं हुतं.

दर दसऱ्याला मी तिला उचलायचो. सोनं लुटून आलं की ती म्हनायची आबा उचला, मी काखेत हात घालून उचलायचो, जरा झुलवायचो, आन हाताला आकडा कळायचा. पन तोंडानं कवा बोललो न्हाई, आयची शपथ. नुसतं म्हनायचो, लाभ. ती म्हनायची आबा किती भरली सांगा की, मी म्हनायचो लाभ भरलीस, जा, आपट्याचं पान आजीच्या फोटोला दे. तिला वाटायचं लाभ हा कायतरी लई मोठा आकडा हाय.

त्या सालात शाळंत नवीन कार्यक्रम सुरू झाला. नानासाहेबांची लेक नगरला सावेडीत ऱ्हाती, तिच्या पोरांच्या शाळंत म्हने पोरं जाड होऊ नयेत म्हनून वजन घेत्यात, डबा बघत्यात, खेळायचा जादा तास आसतो. नानासाहेब ते बघून आले आन म्हनले आपल्या शाळंत बी पायजेल. आता तुमी म्हनाल गावाकडं पोरं कुठं जाड आसत्यात. तसं न्हाई राहिलं ताई. बसनं शाळंत, बसनं घरी, हातात मोबाईल, दुकानात पाच रुपयाला पाकीट. वाळलेलीबी हायती, फुगलेलीबी हायती, एकाच बाकावर बसत्यात. कार्यक्रम वाईट न्हवता, हे मी तवाबी म्हनलो आन आजबी म्हनतो.

ते समदं काम दिलं रूथ मॅडमला. रूथ मॅडम खेळाच्या बाई, माहेर बेलापूरचं, शाळेत तासावर नेमलेल्या, कायम न्हवत्या. उंच, काटक, गळ्यात शिट्टी. त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं, डब्यात भाकरी द्या, शेंगदान्याची चटनी द्या, काकडी-गाजर द्या, पाकीट नको. आमच्या घरीबी आल्या, माझ्याकडं बघून म्हनल्या, आबा, खारी कोन आनतं ते मला म्हाईत हाय. मी हासलो. दुपारच्या सुट्टीनंतर त्यांनी पोरांना लंगडी, खो-खो, दोरीवरच्या उड्या, आसा तास लावला. वैष्णवी घरी येऊन सांगायची, आबा आज मी दोरीवर शंभर. मी म्हनायचो मोजलं कोनी, ती म्हनायची मॅडमनी, आन आबा, मी लाभपासनं मोजायला लावलं. मला लई ग्वाड वाटलं.

मॅडमचं म्हननं हुतं, वजन एकेकाला खोलीत घेऊन करायचं, दार लावून, आकडा फक्त आय-बापाला सांगायचा. बघा ताई, शिकलेली बाई, किरिस्ताव घरातली, पन माझ्या आयच्याच वाटंनं चाललेली. पन शाळंत वजनाचा काटा न्हवता. जो मागवला त्यो यायला उशीर. तर नानासाहेब म्हनले, वाट कशाला बघता, माझ्या दुकानातला काटा न्या. गड्यानं हातगाडीवर घालून आनला, पोती ठिवायचा सपाट काटा. आन नानासाहेब म्हनले खोलीत कशाला, स्टेजवर करा, समद्यांना कळू दे. मॅडम न्हाई म्हनत हुत्या. मॅडमचं कोन ऐकतं. हेडमास्तर नुसते मान हलवनारे.

शनवारी परिपाठाला पोरं रांगंत. एकेक स्टेजवर, काट्यावर हुभं राहायचं, नानासाहेब सोता माईकवर आकडा वाचनार, आन कार्ड. हिरवं म्हंजे चांगलं, पिवळं म्हंजे जरा जास्त, लाल म्हंजे लई जास्त. वैष्णवी गेली. नानासाहेब म्हनले, एकेचाळीस किलो तीनशे चाळीस ग्रॅम, लाल. आन थांबले न्हाईत. म्हनले, मापाड्याची नात ना ही, आबानं पोतं भरतो तसं भरलंय. पोरं हासली. मास्तर हासले. लाल कार्डवाली म्हनं एका बाजूला हुभी करायची, तशी केली, परिपाठ संपस्तोर. वाटलं हुतं त्यापेक्षा लालवाली लई निघाली त्या दिशी, पन तवा त्याचं कुनाला काय वाटलं न्हाई.

घरी आली ती दप्तर टाकून आतल्या खोलीत. कार्ड दप्तरात चुरगळलेलं सुनंला सापडलं. दुसऱ्या दिशी डबा भरलेला वापस. तिसऱ्या दिशी बी. भाकरी खाईना, दूध घेईना, खारी तर लांबच, नुसतं पानी. सून म्हनली चापट मारीन, तरी न्हाई. रूथ मॅडम घरी येऊन बसल्या, जवळ घेतलं, म्हनल्या बाळा तू दोरीवर शंभर मारतीस, तुला काय झालंय. तर पोरगी म्हनती, मॅडम मी पोतं हाय. आठवड्यानं मैदानावर चक्कर येऊन पडली, दगड लागला, भुवईवर हितं टाका घातला. आजून खून हाय.

त्या दिशी तिला मैदानावरनं मीच उचलून आनली. आन उचलली तवा माझ्या हाताला कळलं. ताई, मी उचलतो तवा आकडा आपोआप येतो, बोलावत न्हाई. हात म्हनला, अडतीसच्या आतबाहेर. आता आठवडाभर पोरगी उपाशी, एखादा किलो कमी झाली आसंल, म्हंजे त्या शनवारी एकुनचाळीस. मग एकेचाळीस तीनशे कुठनं आलं? त्या रातीला मला झोप न्हाई. पोरीची काळजी हुतीच, पन लाज वाटती सांगायला, दुसरीबी काळजी हुती. मला वाटलं माझा हात म्हातारा झाला. नानासाहेब म्हनला तेच खरं, मानूस खोटं बोलतो.

सकाळी उठून पयलं काय केलं आसंल तर पोरीला दवाखान्यात नेलं, सरकारी. टाक्याची पट्टी बदलायचं निमित्त. नर्सबाईला म्हनलं जरा हिला काट्यावर घ्या. अडतीस आन वर दोनशे. हात माझा खरा हुता.

मग मी नानासाहेबाच्या दुकानात गेलो. काटा शाळंतनं वापस आलेला, जाग्यावर बसलेला. म्हनलं वीस किलो भरडा द्या, शेळीला. गड्यानं पोत्यात घातला, काट्यावर वीस भरला. मी पोतं उचललं, जरा झुलवलं. हसू आलं मला ताई. एकोनीसच्याबी आत. घरी आनून बापाच्या वजनासंगं तराजूत टाकलं, एक किलोच्या वर कमी. म्हंजे बघा आता. दुकानदार इकनारा आन लबाड आसला की त्याचा काटा जास्त दाखवतो, थोडा माल जास्त भरल्यावानी दिसतो. त्याचा काटा आसाच लावलेला. वर्सानुवर्स लावलेला. आन त्योच काटा त्यानं पोरांना तोलायला पाठवला. इतक्या दिसांचं खोटं की त्याला सोतालाबी त्याचं भान राहिलं न्हवतं. हे समदं लेकराच्या पोटावर आलं. किती पोरं त्या काट्यानं लाल झाली, किती पिवळी झाली, देवाला ठावं.

मी रूथ मॅडमला सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. म्हनल्या आबा, मी हेडमास्तरांना सांगते, परत खऱ्या काट्यावर वजन घेऊ, समदी कार्डं बदलू, गुपचूप. मी म्हनलं गुपचूप न्हाई. म्हनल्या आबा, लेकरांसाठी म्हनते, बोभाटा झाला तर नानासाहेब कार्यक्रमच बंद करतील, माझा खेळाचा तास जाईल. मी म्हनलं जाऊ दी. त्यांनी हात जोडले माझ्यापुढं, माझ्या लेकीच्या वयाची बाई. मी म्हनलं मॅडम, त्यानं माझ्या नातीला माईकवर पोतं म्हनलं, मी त्याचं माप माईकवरच घेनार. आसा मी हाय. मला त्या टायमाला दुसरं काय दिसतच न्हवतं. जेवन ग्वाड लागायचं, झोप लागायची, नुसत्या इचारानं. सुडाची गोडी लई वाईट, ताई, खारीपेक्षा वाईट.

पंधरा दिसांनी पालक मेळावा हुता. परत त्योच काटा स्टेजवर, नानासाहेब पांढऱ्या कपड्यांत, गावातली समदी मंडळी, शेतकरी, बाया. पयल्या वजनात लाल आलेल्या पोरांचं परत वजन, किती उतरलं ते दाखवायचं, आन उतरलं त्याला बक्षीस. वैष्णवीचं नाव घेतलं. ती खाली मान घालून स्टेजवर गेली. मी पोत्यात बांधलेलं वजन खांद्यावर टाकलं आन तिच्या मागं गेलो. अडुसष्ट वर्सांचा हाय, पन वीस किलो अजून मला खांद्यावर काय वाटत न्हाई. नानासाहेब म्हनले आबा, हे काय. मी म्हनलं नानासाहेब, नातीच्या आधी माझं एक लेकरू तोला.

पोतं सोडलं. वजन उलटं करून शिक्का पयल्या रांगंला दाखवला, हेडमास्तरांना दाखवला, म्हनलं वाचा मोठ्यानं. हेडमास्तरांनी वाचलं, वीस किलो. काट्यावर ठिवलं. आकडं फिरलं आन थांबलं. एकवीस किलो दोनशे ग्रॅम. मी म्हनलं नानासाहेब, माईकवर वाचा की, तुमचा आवाज चांगला हाय. त्यो वाचंना. मी माईक घेतला. म्हनलं मंडळी, सरकारचं वजन वीस, नानासाहेबांचा काटा एकवीस दोनशे. आता दोन्हीतलं कोनतरी एक खोटं बोलतंय, आन मला नानासाहेबांनीच शिकवलंय, काटा खोटं बोलत न्हाई. म्हंजे सरकार खोटं.

नानासाहेब घाम पुसत म्हनले, काटा बिघडला आसंल. मी ह्याचीच वाट बघत हुतो. म्हनलं कवापासनं बिघडला? आन बास. मागनं एक शेतकरी उठला, म्हनला माझ्या गाईंची पेंड ह्याच काट्यावर तोलती का? दुसरा उठला. बाया उठल्या. मग काय, नुसता गलका, खुर्च्या पडल्या, नानासाहेब मागच्या दारानं. मी तिथं हुभा, माझं वजन काट्यावर, आन मला वाटलं, बापा, बघ, फिटलं. त्या सत्कारातल्या टाळ्या मी आज व्याजासकट वसूल केल्या.

पुढं काय झालं ते लोकं आजून सांगत्यात. तपासनीस आले, काटा सील झाला, कमिटीतनं नानासाहेबांनी राजीनामा दिला तब्येतीचं कारन सांगून. दुकान चालू हाय, नवीन काटा आनला, पन गंमत बघा, आता गिऱ्हाईक काय करतंय, आधी दवाखान्यात सोताचं वजन करून येतंय, मग दुकानात येऊन पायातान काढून सोता काट्यावर हुभं राहतंय, आकडा बरुबर आला की मगच म्हनतंय, तोला. रोज. बायासुदीक. आन नानासाहेबाला गल्ल्यावर बसून ते बघावं लागतंय. मी समोर च्याच्या टपरीवर बसतो. मुद्दाम बसतो. मला पस्तावा न्हाई, हे लिवा. त्याच्या बाबतीत मला काडीचा पस्तावा न्हाई.

पन त्याच्या बाबतीत न्हाई, म्हनलं मी.

शाळंनं महिन्याच्या आत समदा कार्यक्रमच बंद केला. हेडमास्तर म्हनले नसती भानगड, डबा न्हाई बघायचा, वजन न्हाई घ्यायचं, खेळाचा तास न्हाई. तास न्हाई म्हंजे तासावरची बाईबी न्हाई. कुनाला तरी धरायचं हुतं, अध्यक्षाला धरता येत न्हाई, मग कागदावर आलं की काटा तपासून घ्यायची जबाबदारी खेळाच्या शिक्षिकेची. रूथ मॅडम एका सकाळी आमच्या दारात हुभ्या, हातात पिशवी, म्हनल्या बेलापूरला चालले आबा. रागावल्या न्हाईत. रागावल्या आसत्या तर बरं झालं आसतं. वैष्णवीच्या भुवईवरच्या टाक्याला हात लावला, आन गळ्यातली शिट्टी काढून तिच्या हातात दिली.

मला वाटलं नात म्हनंल आबा तुमी माझा बदला घेतला. आहो, मी वाटच बघत हुतो. तर ती म्हनली, आबा, तुमी मॅडमला घालवलं. मी म्हनलं आग, त्यानं तुला समद्यांपुढं पोतं म्हनलं हुतं. ती म्हनली, व्हय, आन तुमी मला समद्यांपुढं परत त्याच स्टेजवर हुभं केलं, समदे वजनाकडं बघत हुते, मी तिथंच हुते, तुमी माझ्याकडं बघितलंच न्हाई. ताई, पाचवीतली पोरगी. मी खरंच बघितलं न्हवतं. माझं ध्यान नानासाहेबाच्या तोंडाकडं. तवापासनं शाळंतली पोरं तिला काट्यावाली म्हनत्यात. तिला पोतं त्यानं केलं, काट्यावाली मी केली. त्या दसऱ्याला मी हात पुढं केला, आगं उचलू का म्हनलं, ती म्हनली नको.

खऱ्या काट्यावर तिचं कार्ड कोनतं आलं आसतं इचारता? पिवळं. हिरवं न्हाई. हे सांगायला माझी जीभ जड हुती, पन मापाडी हाय, सांगतो. मॅडमचं म्हननं खरं हुतं, मॅडमचा तास खरा हुता, पोरीला त्याची गरज हुती, आन मी खोट्या काट्यासंगं खरी बाईबी फेकून दिली. खारी मी त्या दिसापासनं आनली न्हाई.

लई दिस फोन करायची हिंमत झाली न्हाई. मग एकदा केला. म्हनलं मॅडम, मापाडी बोलतोय. मला वाटलं ठिवत्यात. तर त्यांनी एकच इचारलं, आबा, पोरी पळत्यात का? मी म्हनलं पळत्यात. खोटं बोललो. चाळीस वर्सांत पयल्यांदा माझ्याकडनं माप खोटं गेलं.

ते खोटं मला झोपू देईना. मग मी दुसऱ्या आठवड्यात पोरींना बोलावलं. बाजार सोमवारी बंद आसतो, लिलावाचा मोठा ओटा मोकळा, त्याच्याभवती फेरा मारायला लई चांगली जागा. पयल्या दिशी वैष्णवीच्या दोन मैतरिनी आल्या, ती सोता आली न्हाई. दुसऱ्या सोमवारी पाच आल्या. मग एका सोमवारी बघतो तर ती ओट्याच्या कडंला हुभी, गळ्यात मॅडमची शिट्टी. माझ्याकडं न बघता शिट्टी वाजवली आन पळाली. मी ओट्यावर बसून मोजतो, तेवढंच मला येतंय. लाभ, दोन, तीन. आता नऊ पोरी येत्यात. डबा कुनी बघत न्हाई, पन त्या सोता एकमेकींचा बघत्यात, परवा एकीनं वेफर आनलं तर बाकीच्यांनी तिची लई चेष्टा केली, मी म्हनलं चेष्टा न्हाई करायची, आन तेवढ्यावरच थांबलो. मॅडमला फोन करून सांगितलं, पळत्यात. आता खरं हाय.

वैष्णवी आता सातवीत हाय. जेवती चांगलं, भाकरी खाती, चटनी लागती तिला. हुबी वाढली, गालाच्या खळ्या तशाच. माझ्याशी बोलती, पन आधीवानी न्हाई, मधी कायतरी राहिलंय, ते मला कळतंय, हाताला कळतंय म्हना. गेल्या दसऱ्याला सोनं द्यायला आली, पाया पडली, मी हात पुढं केला न्हाई, म्हनलं पोरगी मोठी झाली. तर तीच थांबली आन म्हनली, आबा, आकडा न्हाई सांगायचा. मी म्हनलं कवा सांगितलाय. उचलली. ताई, मला आकडा कळलाच न्हाई, पयल्यांदा कळला न्हाई, आन मी म्हनलं, लाभ.

बास, एवढंच हाय. ओटा नानासाहेबाच्या दुकानाच्या बरुबर समोर हाय, सोमवारी त्योबी दुकान झाडायला येतो, आन मी पयला फेरा जरा मोठ्यानंच मोजतो, त्याला ऐकू जावा म्हनून. रूथ मॅडमचं देव भलं करो, तिच्या हातात पुन्हा शिट्टी येवो, कुठल्याबी शाळंत येवो, आन पोरींचं भलं करो, आन ताई तुमचंबी करो. नानासाहेबाचं करायचं आसंल तर देवानं करावं, देव मोठा हाय. मी म्हननार न्हाई.